आईच्या बापाचा मचवा

आमच्या सिडकोतल्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर एक मचवा आहे. दोन हात लांब, सागवानी, शिडासकट. नवा पाहुणा चहा येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो आणि मग हमखास विचारतो, "गोव्याहून आणला का?" समुद्राची म्हणून जी काही वस्तू नाशिकमध्ये दिसेल ती गोव्याहूनच आलेली असते, अशी इथल्या लोकांची पक्की समजूत आहे. सुरुवातीला मी खरं काय ते सांगायचे. आता "हो" म्हणते आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवते.

कारण खरं सांगायला बसलं तर चहा गार होतो. मचवा म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. मासेमारीची मोठी लाकडी होडी, शिडावर चालणारी, कोकणच्या किनाऱ्यावर असते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो: मग ती बनवली कुणी, कोकणातल्या माणसाने? आणि बनवली तर माझ्या वडिलांनी. त्यांनी आयुष्यात होडीत पाय ठेवलेला नाही. पाण्याची त्यांना इतकी भीती की रामकुंडावरसुद्धा ते पायरी घट्ट धरून तांब्याने अंघोळ करतात.

बाबा सातपूरच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा पंप ओतायचा असेल तर आधी हुबेहूब तसाच पंप लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबून बसवायचा, म्हणजे वाळूत त्याचा ठसा उमटतो. मग लाकूड अलगद काढून घ्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडायचं. तो लाकडी पंप म्हणजे पॅटर्न. जगात सगळीकडे बाबांनी केलेल्या वस्तू फिरत होत्या आणि त्यांतली एकही बाबांनी केलेली नव्हती, कारण त्यांची वस्तू लाकडाची आणि ती रॅकवर धूळ खात पडलेली. ते स्वतः याला फार मोठी गोष्ट समजत नसत. "वाळूतून नीट निघाला म्हणजे झालं," एवढीच त्यांची कामाची व्याख्या होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. स्वेच्छा कंपनीची आणि निवृत्ती बाबांची. आमच्या गल्लीतले एकाच वर्षात पाच-सहा जण असे स्वेच्छेने घरी बसले. एकाने झेरॉक्सचं दुकान काढलं, एकजण सकाळ-संध्याकाळ नामस्मरण करायला लागला, आणि तिसऱ्याने द्राक्षाच्या दलालीत उडी घेतली आणि लवकरच नामस्मरणवाल्याच्या शेजारी जाऊन बसला. बाबांनी यांतलं काहीच केलं नाही. ते रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या पडवीत बसायचे आणि पटाश्यांना धार लावायचे. धार लावलेल्या पटाश्यांनी कापायला काही नव्हतं. मग त्या आपोआप बोथट झाल्या असतील या संशयाने दुसऱ्या दिवशी पुन्हा धार.

तेव्हा मी पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांची तपासणी करायची नोकरी करत होते. निर्यातीच्या मण्याचा आकार ठरलेला असतो. प्लास्टिकच्या पट्टीला गोल भोकं पाडलेली असतात, त्यात मणी धरून बघायचा, लहान निघाला तर घड बाजूला. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी यावं तर दारातच पटाशीचा आवाज. आईचं डोकं उठलेलं. ती म्हणायची, "यांना कुणीतरी काम द्या गं, नाहीतर मी वणीच्या गडावर जाऊन बसते."

शेवटी काम त्यांनी स्वतःच शोधलं, आणि ते नेमकं आईच्या वर्मावर.

आई समुद्रकाठची. अलिबागच्या बाजूला एक लहानसं गाव, तिथली. तिचे एक चुलते सुकी मासळी घेऊन नाशिकच्या बाजारात यायचे, त्यांनी हे लग्न जमवलं. बाबांचं घर सायखेड्याचं, गोदावरीच्या काठावरचं. तिथे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. तिने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नव्या भावजयीला "सुकटवाल्यांची पोर" असं नाव ठेवलं. आईने एक दिवस ऐकून घेतलं, दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी भर अंगणात सांगितलं, "सुकट विकतात ते माझे चुलते. माझ्या बापाचा स्वतःचा मचवा आहे. तुमच्याकडे पूर आला की माणसं गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडतात."

काहिलीचं खोटं नव्हतं. सायखेड्याच्या बाजूला पुराच्या वेळी गूळ उकळायची ती मोठी लोखंडी कढई पाण्यात सोडून लोक खरंच पलीकडे जायचे. आत्या स्वतः तशी गेलेली होती. त्यामुळे तिला उत्तर सुचलं नाही, आणि आत्याला उत्तर न सुचणं ही सायखेड्यात बातमी होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात मचवा आला तो कायमचा. कुठल्याही वादाचा शेवट तिथे व्हायचा. भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं की, "मचव्यावरचं जेवण जेवलेली माणसं आम्ही, आम्हाला मीठ शिकवू नका." मला शाळेच्या सहलीला पाठवायचं नाही असं बाबा म्हणाले तर, "माझा बाप मचवा घेऊन रात्र-रात्र बाहेर राहायचा, पोरगी त्र्यंबकला जाऊन येईल तर काय होतं?" काळानुसार मचवा वाढतही गेला. शेजाऱ्यांनी स्कूटर घेतली त्या वर्षी मचव्याला नवं शीड आलं. गल्लीत पहिली मोटार आली तेव्हा मचव्याला इंजिन बसलं. बाबा हे सगळं शांतपणे जेवता-जेवता ऐकायचे आणि ताक मागायचे.

तर एका रविवारी बाबा जेवून उठले आणि हात पुसत म्हणाले, "तुझ्या बापाचा मचवा बनवायचा म्हणतो. लाकडात. लहान."

मला वाटलं आई आनंदाने उडी मारेल. आई म्हणाली, "कशाला उगाच?"

"काम पाहिजे म्हणत होतीस ना."

"तुम्ही कुठे बघितलाय तो."

हे खरं होतं आणि अर्धवट खरं होतं. त्यांचं लग्न मृगाच्या तोंडावर झालं. तोपर्यंत किनाऱ्यावरचे सगळे मचवे पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवतात आणि माडाच्या झापांनी शाकारतात. म्हणजे बाबांनी आपल्या सासऱ्यांचा मचवा बघितला तो झापांच्या ढिगासारखा. आत काय आहे ते बघायला त्यांनी झाप उचलला नव्हता, नवरदेवाने असलं काही करायचं नसतं. नंतर आईचे वडील लवकरच वारले, मामाने मुंबईला गोदीत नोकरी धरली, आणि मचव्याचं काय झालं हे विचारलं की आई म्हणायची, "गेला."

त्यामुळे नकाशा म्हणून बाबांकडे दोनच गोष्टी होत्या. एक जुनं कॅलेंडर, त्यावर सूर्यास्तात उभा असलेला एक मचवा. आणि दुसरी आई.

"लांबी किती होती?" बाबांनी पेन्सिल कानावरून काढत विचारलं.

"मोठा होता."

"मोठा म्हणजे?"

"मोठा म्हणजे मोठा. आमच्या ओट्यापासून शाळेच्या भिंतीपर्यंत."

"ओटा आणि शाळा, मधे किती अंतर?"

"मधे एक माड होता."

बाबांनी माडाचा विचार करून पेन्सिल परत कानावर ठेवली. असं आठवडे चाललं. रुंदी विचारली तर सहा बायका टोपल्या घेऊन बसतील एवढी. बायका किती जाड, हे विचारायची हिंमत बाबांना झाली नाही. इंजिन कुठे बसवलं होतं असं त्यांनी सरळ मनाने विचारलं तेव्हा आई दचकली आणि म्हणाली, "इंजिन? ते नंतर काढून टाकलं." बाकी कशालाही तिचं एकच उत्तर असायचं, "असं नव्हतं." मग कसं होतं? "असं नव्हतं एवढं आठवतं." मी समजले की हा तिचा स्वभाव आहे. कुठलीही गोष्ट बरोबर आहे असं म्हणणं तिच्या तत्त्वात बसत नाही. नवी साडी, नवा टीव्ही, जावई म्हणून दाखवलेली स्थळं, सगळ्यांना तिने याच वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या.

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि या दोघांना एवढं एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते. निम्मं बोलणं भांडणाचं होतं, तरी.

बाबांनी काम सुरू केलं ते त्यांना येत होतं तसं. फाउंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाला लाकूड म्हणजे वाळूत जाणारी वस्तू. पॅटर्न दोन फाकांत करतात, म्हणजे वाळूतून काढताना अडकत नाही. दोन्ही फाका लाकडी खुंट्यांनी एकमेकींत बसतात. बाबांनी मचवासुद्धा तसाच केला. पुढच्या टोकापासून सुकाणूपर्यंत मधोमध दोन भाग. डावा वेगळा, उजवा वेगळा. खुंट्या अशा फिट की बंद केला की फट दिसायची नाही. मोठ्या अभिमानाने त्यांनी आईला बोलावलं आणि तिच्यासमोर मचवा पेरूसारखा उघडून दाखवला.

आईने तोंडावर हात घेतला. "होडी मधून उघडते?"

"पॅटर्न असाच असतो."

"आमच्याकडे असं चित्रसुद्धा घरात ठेवत नाहीत. समुद्रावर माणसं गेलेली असतात. बंद करा ते आधी."

बाबांनी बंद केला. सरसाने कायमचा चिकटवून टाका असं तिने सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण पॅटर्न चिकटवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने खिडकी विटांनी बुजवण्यासारखं होतं, हात धजेना. रोज संध्याकाळी सरस गरम व्हायचा आणि रोज रात्री तो तसाच थिजायचा. शेवटी एका अमावस्येला आईने स्वतः सरसाचं भांडं आणून समोर ठेवलं आणि ती हलली नाही, तेव्हा मचवा एक झाला.

दुसरी भानगड माझ्या लक्षात आली. पॅकहाऊसमुळे मला मापं घ्यायची वाईट खोड लागली होती. मी सहज साध्या फुटपट्टीने एक फळी मोजली आणि बाबांनी सांगितलेल्या मापापेक्षा ती किंचित मोठी निघाली. दुसरी मोजली, तीही. सगळंच शंभराला एक या हिशेबाने मोठं.

"बाबा, तुमची पट्टी चुकतेय."

"चुकत नाय. ती काँट्रॅक्शनची पट्टी हाय. लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. पट्टीवरचे इंचच मोठे असतात."

"पण हा मचवा लोखंडात कोण ओतणार आहे?"

बाबांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. "सवय," ते म्हणाले आणि पुन्हा त्याच पट्टीने मोजायला लागले. नुकसान मात्र झालं होतं. डोलकाठी मी बाजारातून माझ्या मापाने कापून आणली होती, ती त्यांच्या भोकात लटलट हलायला लागली. मग तिला कापडाची पट्टी गुंडाळून बसवली. आई म्हणाली, "आमच्या मचव्याच्या काठीला फडकी नव्हती बांधलेली." हे तिचं मत पहिल्यांदाच पटण्यासारखं होतं.

सगळ्यात शेवटी बाबांनी शिसवीच्या तुकड्यातून एक माणूस कोरला. करंगळीएवढा. कमरेला रुमाल, डोक्याला टोपी, पायाखाली बारीक खुंटी. तो त्यांनी मागच्या बाजूला, सुकाणूपाशी, भोकात दाबून उभा केला. ती जागा तांडेलाची, म्हणजे मचव्याच्या मालकाची.

"हे तुझे आजोबा," बाबा मला म्हणाले.

आई दारात उभी होती. ती आत दूध बघायला गेली. गॅसवर दूध नव्हतं.

त्याच वर्षी फाल्गुनात पॅकहाऊसच्या मालाबद्दल एक तक्रार आली आणि कंटेनर बंदरावर चढताना बघायला मला उरणला पाठवलं. काम लवकर संपलं. तिथून मामाचं गाव फार लांब नव्हतं, आणि मामा आता गोदीतून निवृत्त होऊन गावीच राहत होता. मचव्याचा एखादा जुना फोटो मिळाला तर बाबांना नेऊन द्यावा आणि आईच्या "असं नव्हतं"ला कायमचं उत्तर मिळवावं, या हेतूने मी गेले.

मामाने माझ्यासाठी पापलेट आणलं, मामीने आमसुलाचं सार केलं. जेवून झाल्यावर मी फोटोचा विषय काढला.

"कसला मचवा?" मामा म्हणाला.

"आजोबांचा."

मामा मामीकडे बघून हसला. "अगो, बाचा कुठला मचवा? बा खलाशी व्हता. मचवा पलीकडल्या आळीच्या तांडेलाचा. बा त्याच्यावर जाळं ओढायचा. नाळेवर उभा राहायचा, पार पुढच्या टोकाला. तुझी आई लहानपणी त्याच मचव्याला आमचा मचवा म्हणायची. बाचा डबा घेऊन जायची ना रोज किनाऱ्यावर, म्हणून."

मी मनात मोजत बसले. तीस वर्षं. शीड, इंजिन, सहा बायका आणि टोपल्या. परतीच्या एसटीत मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि कसारा घाट चढायला लागला तेव्हा आईची कीव यायला लागली. तीही मला आवडली नाही, कारण आईची कीव करण्याची परवानगी आमच्या घरात कुणालाच नव्हती. आणि मग आणखी एक आठवलं. मामा चैत्रात वणीला देवीच्या दर्शनाला येणार होता. आमच्याकडे उतरणार होता. निघताना मी त्याला म्हटलं होतं, "मामा, नाशिकला हे बोलू नकोस." तर तो म्हणाला होता, "मी कशाला बोलू? पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाय. देवीला चाललोय."

घरी आल्यावर आईने दार उघडलं. "मामा बरा आहे?"

"बरा आहे."

"फोटो?"

"नाही मिळाला."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग पिशवी माझ्या हातातून घेत म्हणाली, "नाहीच मिळणार." त्यानंतर मचव्यावरून आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. एवढं मात्र झालं की आईने "असं नव्हतं" म्हणणं बंद केलं. बाबा मचव्याला रंग देत होते, खालून लाल, वरून काळा. फाउंड्रीतलेच डबे उरलेले होते. आई न बोलता बाजूने जायची. बाबांना वाटलं असेल की अखेर जमलं. मला त्यांचीही दया यायला लागली. घरात दोघी जणी खोट्या मचव्यात अडकल्या होत्या आणि तिसरा तो मन लावून रंगवत होता.

तरीही हे निभावून गेलं असतं. मामा आला असता, वा वा म्हणून गेला असता. पण चैत्रात मामा यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सायखेड्याहून आत्याचा फोन आला. पाहुणे जीप करून वणीला चाललेत असं तिला कळलं होतं, तर तिलाही गडावर जायचं होतं, जीपमध्ये एक माणूस बसतोच. आणि तो मचवाही बघायचा होता. बाबांचा चेहरा फोनवर उतरलेला मी बघितला. मी मनात म्हटलं, बरं झालं, यांना निदान बहिणीची तरी भीती वाटते. आईने फोन झाल्यावर डाळ निवडायला घेतली आणि निवडलेलीच डाळ पुन्हा निवडली.

आत्या माझ्या मते सायखेड्यातली सगळ्यात बुद्धिमान बाई आहे. कुणाच्या कुठे लागेल हे तिला लांबून कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आला आणि त्याच्या मागोमाग ती आली, खुर्चीवर बसली, पाणी प्यायली, फळीवरून खाली काढून टेबलावर ठेवलेल्या मचव्याकडे बघितलं. मग मामाकडे बघितलं. मामा मचव्याच्या कडेवरून हात फिरवत होता, अगदी हळू. त्याच्या मनात काय चाललं होतं देव जाणे, पण त्याचे डोळे ओलसर दिसत होते.

"काय हो," आत्या म्हणाली, "झालाय का हुबेहूब? हाच ना तुमच्या बापाचा मचवा? तीस वर्षं ऐकते मी."

मामाने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, छताच्या पंख्याकडे बघितलं. "मचवा झकास झालाय," तो म्हणाला.

"ते दिसतंय मला. लय भारी केलाय माझ्या भावानं. पण तुमच्या बापाचाच हाय ना?"

मामाने पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता, तरी तो प्यायला. देवीला चाललेला माणूस किती वेळ रिकामा ग्लास पिऊ शकतो, हे मी बघत होते. काहीतरी बोलावं, कप खाली पाडावा, जीप आली म्हणून ओरडावं, असं मला वाटत होतं आणि जागेवरून हलता येत नव्हतं.

आई उठली. पदराला हात पुसून टेबलापाशी गेली. सुकाणूपाशी उभ्या असलेल्या त्या शिसवी माणसाला तिने दोन बोटांत धरलं. बाबांची खुंटी, सहजासहजी निघणारी नव्हती. तिने तो पिळून-पिळून बाहेर काढला. मग तो मचव्याच्या पार पुढच्या टोकाला नेला आणि नुसताच धरून ठेवला, कारण तिथे उभं करायला काही नव्हतं.

"माझा बाप इथे असायचा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, भाजीवाल्याशी बोलतानाचा. "नाळेवर. जाळं ओढायला. मचवा दुसऱ्याचा होता. आमचा नव्हता."

मामाने रिकामा ग्लास खाली ठेवला.

बाबा उठले आणि शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी खिशातून एक बारीक खिळा काढला. मचव्याच्या टोकाला काळ्या रंगाखाली काहीतरी खरवडायला लागले. मेणाचा एवढासा गोळा निघाला. रंग दिलेला, शोधूनही सापडला नसता असा. त्याच्या खाली भोक होतं. स्वच्छ, गोल, त्याच खुंटीच्या मापाचं.

"मला लग्नातच कळलं होतं," बाबा म्हणाले. "मचव्याचा मालक भेटला होता किनाऱ्यावर. म्हणाला, तुझा सासरा नाळेवर नसला तर मी समुद्रात जात नाय."

आई त्यांच्याकडे वळली. "तीस वर्षं माहीत होतं तुम्हाला?"

"हां."

"मग बोलला नाहीत कधी?"

"विषय निघाला नाय."

आमच्या घरात त्याच्याशिवाय दुसरा विषय कधी निघाला नव्हता.

आत्या खुर्चीत पुढे सरकली. तीस वर्षांचं व्याज तिच्या हातात आयतं येऊन पडलं होतं. "म्हंजी मचवा नव्हताच की गं तुमच्याकडं."

बाबांनी आईच्या बोटांतून तो माणूस घेतला, भोकावर ठेवला आणि अंगठ्याने दाबून बसवला. "आता हाय ना," ते म्हणाले.

आत्या खुर्चीत पुन्हा मागे सरकली. आईचे डोळे भरले होते, माझेही, आणि मामा तर उघड रडत होता. आईने वाकून त्या माणसाकडे बघितलं.

"जरा उजवीकडे वळवा त्यांना," ती म्हणाली. "जाळं त्या अंगाने ओढायचे ते."

हा मचवा कसा हवा ते तिने न विचारता सांगितल्याची ही पहिलीच वेळ. बाबांनी सासऱ्यांना उजवीकडे वळवलं.